पहाट आणि शिवण

४ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू लगेच "बरं, जाऊ दे" म्हणतेस आणि मलाही वाटायला लागतं की खरंच काही बिघडलेलं नाही. म्हणून कागद घेऊन बसलोय. आमच्या ऑफिसात कागद मिळणं कठीण. प्रिंटरमधून दोन कोरे काढले, तर शेजारी बसणारा म्हणाला, "बिघडला का हो?" म्हटलं, "नाही, मावसबहिणीला पत्र लिहायचंय." तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच बिघडलोय.

खुला वर्ग बंद होतोय. शाळा सुटलेल्यांना पुन्हा परीक्षेला बसता यावं म्हणून आपण गणिताचा जो फुकट वर्ग चालवत होतो, ज्यात तू निवृत्त झाल्यापासून उत्तरं देत होतीस, तो या महिन्याअखेर संपेल. भागीदाराचा निर्णय आहे. त्याने भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर एकच शब्द लिहिलाय, 'फोकस', आणि खाली सूचना की पुसू नये. मागच्या आठवड्यात मला म्हणाला, "पहिला धडा हजारो लोक उघडतात. शेवटच्या धड्याला मूठभर उरतात. जो पोचणारच नाही त्याच्यासाठी रस्ता कशाला बांधायचा?" मला उत्तर सुचलं, पण घरी आल्यावर. नेहमीसारखं.

आता आम्ही फक्त कंपन्यांसाठी काम करणार. त्यांच्या नोकरांना शिकवायचं; शिकायचं की नाही हे मालक ठरवणार. तिथे शेवटचा धडा सगळे पूर्ण करतात, कारण नाही केला तर पगारवाढ अडते.

मी या धंद्यात आलो तेव्हा वेब म्हणजे मला उघडं मैदान वाटायचं. कुणीही यावं, आपल्याकडचं चार लोकांत मांडून जावं, ज्याला हवं त्याने उचलावं. आता त्या मैदानात प्रत्येक पावलाखाली कुणीतरी वजनकाटा पुरून ठेवलाय. तो पुरणाऱ्यांत मीही आहे.

तुझ्यासाठी मात्र एक लहानसा वर्ग मागून घेतलाय. पाच-सहा जणीच. फोटो नाही, आवाज नाही, नुसतं लिहिणं. प्रत्येकीने आपलं टोपणनाव घेतलंय. तू पूर्वी द्यायचीस तशीच उत्तरं दे: पटकन बरोबर काय ते सांगू नकोस, कुठे पाय घसरला ते दाखव. जितकं सविस्तर लिहिशील तितकं चांगलं.

भावोजींचा उजवा हात आता कसा आहे?

तुझा,
खटपट्या

१५ जानेवारी

चि. खटपट्यास,

अनेक आशीर्वाद.

खुल्या वर्गाचं वाचून वाईट वाटलं. तिथे शेकड्याने प्रश्न यायचे; कोण विचारतंय ते कळत नव्हतं, पण कुणीतरी विचारतंय एवढं पुरायचं. तुझ्या भागीदाराला म्हणावं, मी उभी हयात वर्गावर काढली. पहिल्या बाकावरची मुलं माझ्याशिवायही शिकली असती. मला पगार मिळत होता तो मधेच वर्ग सोडून जाणाऱ्यांसाठी. जाऊ दे. (बघ, लिहितानाही म्हटलंच.)

तुझ्या भावोजींचा हात आहे तसाच आहे. बोलणं थोडं सुधारलंय. शब्द येतात, पण एकेक, सुट्या नाण्यांसारखे. जमिनींची मोजणी करत रानोमाळ हिंडलेला माणूस आता पलंगापासून खिडकीपर्यंत जातो आणि म्हणतो, "सीमा... झाली." मी त्यांच्या पायाशी टेबल ओढून घेतलंय. औषधं एका बाजूला, तुझा संगणक दुसऱ्या. ते झोपले की मी वर्ग उघडते.

नव्या वर्गाबद्दल तुझे आभार मानायला हवेत. तुला कल्पना नाही, मला त्याचा किती आधार आहे. यात एक मुलगी आहे, 'पहाट' नावाची. काय गोड आहे रे. काल तिने विचारलं, "बाई, दोन उण्यांचा गुणाकार अधिक कसा होतो? दोनदा चुकलं की बरोबर होतं का?" मी वाचून थबकलेच. शाळेच्या सुटीत आमच्याकडे यायचास तेव्हा जिन्यावर बसून तू मला अगदी हेच विचारलं होतंस. आठवतं का? मी तुला जिन्याच्या पायऱ्या उलट्या चढायला लावल्या होत्या. तिलाही तसंच समजावलं. तिला कळलं, आणि तिने किती सुंदर आभार मानले.

बाकीच्या ठीक. एक 'शिवण' म्हणून आहे, ती जरा जड आहे. तीन-तीन दिवस गायब असते, मग येऊन नुसतं "नाही कळलं" एवढंच लिहिते. काय नाही कळलं ते लिहीत नाही. नमस्कार नाही, आभार नाहीत. असो, हाताची पाचही बोटं सारखी नसतात.

जेवणाच्या वेळा पाळ.

ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार.

पत्र पोचलं. जिना आठवतो. पायऱ्या उलट्या चढताना मी पडलो होतो आणि तू म्हणाली होतीस, "आता विसरणार नाहीस." नाही विसरलो.

तुझी उत्तरं मी वाचतो. कामाचाच भाग आहे तो. इथे सगळ्यांना ती फार आवडतात. भागीदाराने तर एक उत्तर मोठं करून पडद्यावर लावलं होतं. त्यात तू पहाटला विचारलंयस, "तू ही पायरी लिहिताना क्षणभर थांबली होतीस का? जिथे थांबलीस तिथेच बघ." तो म्हणाला, "हे असं कुणालाच लिहिता येत नाही." मला अभिमान वाटला. मग जरा वेळाने काहीच वाटेना.

ऑनलाइन शिकण्याबद्दल मी लोकांपुढे भाषणं करत आलो, ताई. कुठूनही शिका, केव्हाही शिका. आता शंका येते की या दोन शब्दांनीच घात केला. 'केव्हाही' म्हटलं की माणूस आज शिकत नाही. 'कुठूनही' म्हटलं की त्याच्या शेजारी कुणी नसतं. बघणं म्हणजे शिकणं, असं आम्ही आधी स्वतःला पटवलं आणि मग जगाला. धडा किती वेळ चालू होता हे मला मोजता येतं. तो चालू असताना समोरचा माणूस खिडकीबाहेर बघत होता की नाही, हे नाही मोजता येत.

एक सांगू? या वर्गात फार जीव गुंतवू नकोस. काम म्हणून कर. असे वर्ग येतात आणि जातात.

भावोजींना नमस्कार.

खटपट्या

२० फेब्रुवारी

चि. खटपट्यास,

आशीर्वाद.

जीव गुंतवू नको म्हणे. पोहायला जा पण भिजू नकोस, तसं झालं हे.

मागचा पंधरवडा वाईट गेला. तुझे भावोजी न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण मन मोडलं. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून होते. मी कुणाशी बोलणार? शेजारीण येते, पण ती आली की स्वतःच्या सुनेबद्दल बोलते. एकदा मी पहाटला उत्तर लिहिता लिहिता शेवटी लिहून गेले, "आज बाईंचं मन थाऱ्यावर नाही, काही चुकलं तर सांभाळून घे." तिने लगेच लिहिलं, "बाई, तुम्ही सांगितलेलं कधी चुकत नाही. काळजी घ्या. तुमच्यामुळे मला रोज उठावंसं वाटतं." मी पदराने डोळे पुसले. पोटच्या मुलाने परदेशातून एवढं लिहिलं नाही.

ती एका दवाखान्यात कागदपत्रं लावायचं काम करते, म्हणाली. आई लहानपणीच गेली. मला तिला माझी जुनी कंपासपेटी आणि दोन पुस्तकं पाठवायची आहेत. तिचा पत्ता कळव. तुझ्याकडे असणारच.

शिवणने मात्र वैताग आणलाय. अपूर्णांकांची बेरीज करताना छेद सारखा का करायचा, हे तिला दोनदा समजावलं. वर तिचं म्हणणं, "पाव मीटर आणि तिसरा हिस्सा मीटर जोडायला मी कापड ठेवते आणि बघते, छेद कशाला?" मी जरा करडेपणानेच लिहिलं की परीक्षेत कापड नेता येत नाही. एप्रिलअखेर तिची परीक्षा आहे. दवाखान्यातल्या मदतनिसाच्या प्रशिक्षणाला गणित पास लागतं, आणि वयाच्या अटीत बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष. हे तिने आपणहून सांगितलं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा अर्ध्या ओळीत कळलं.

पत्ता विसरू नकोस.

ताई

६ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. घाईत आहे, रागावू नकोस. शिकणाऱ्यांचा पत्ता बाहेर देता येत नाही, तसा नियम आहे. कंपासपेटी तुझ्याकडेच राहू दे. भावोजींसाठी न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घे. माणूस मी पाठवतो. भेटायला यायचं मनात आहे, पण नवीन माल बाजारात उतरवायच्या गडबडीत आहोत. आमच्यात आता शिकवण्यालाही माल म्हणतात.

खटपट्या

१९ मार्च

चि. खटपट्यास,

दांडा बसला. माणूस चांगला होता.

आता मी विचारते त्याचं सरळ उत्तर दे.

परवा तुझे भावोजी माझ्याकडून पहाटचं लिहिलेलं ऐकत होते. मी त्यांना वाचून दाखवते, त्यांनाही करमणूक. ऐकता ऐकता म्हणाले, "ही... आजारी... पडत नाही?" मी हसले. पण मग तो प्रश्न काट्यासारखा रुतून बसला. खरंच, ती कधी आजारी पडली नाही, कंटाळली नाही, माझ्यावर वैतागली नाही. मी इतकी वर्षं शिकवलं. माझ्यावर न वैतागता कुणी गणित शिकलेलं मी पाहिलं नाही. तूसुद्धा पाटी फेकली होतीस. त्यात मागच्या आठवड्यात तिने लिहिलं की आईने रविवारी बोलावलंय. आई तर लहानपणीच गेली होती.

म्हणून मी, आयुष्यात पहिल्यांदा, मुद्दाम चुकीचं शिकवलं. समीकरणात संख्या दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह बदलायचं नाही, असं तिला सांगितलं. तिने आभार मानले. म्हणाली, आता अगदी स्पष्ट झालं. आणि पुढचं गणित बरोबर सोडवलं, चिन्ह बदलून.

शिकणारी पोर एकतर माझ्यासारखं चुकली असती, नाहीतर म्हणाली असती, "बाई, असं कसं?" हिने माझं वाचलंच नव्हतं.

पहाट कोण आहे?

ताई

२५ मार्च

ती. ताईस,

पहाट कुणी नाही.

आता पुढचं लिहितो.

कंपन्यांना विकायला आम्ही आपोआप शिकवणारा मास्तर बनवतोय. माणूस नाही, यंत्रच. त्याला उत्तरं येतात, पण चुकलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते येत नव्हतं. ते तुला येतं. भागीदार म्हणाला, तुझ्या बहिणीकडून लिहून घे. मी म्हटलं, ती असं कोरडं लिहिणार नाही, तिला समोर कुणीतरी चुकणारं लागतं. तो म्हणाला, "मग दे चुकणारं." मी दिलं. पहाटचं बोलणं एक यंत्र लिहितं. तिने कुठे आणि कसं चुकायचं ते मी ठरवलं, आणि मला दुसऱ्या कुणाच्या चुका माहीत नव्हत्या. त्या माझ्याच आहेत, जिन्यावरच्या. म्हणून ती तुला आवडली असेल.

फक्त पहाटच नाही. वर्गातल्या सगळ्याच तशा आहेत. कुणी हुशार, कुणी गोड, कुणी जड. जड मुलीशी तू कशी बोलतेस तेही हवं होतं.

तुला आधी विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून विचारलं नाही. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही. मनात म्हणायचो, भावोजींच्या आजारपणात तिचा वेळ तरी चांगला जातोय. खोटी भूक लावून मी तुला खोटं जेवायला वाढत होतो, आणि तू पोट भरलं म्हणायचीस. तेवढ्यावर मी झोपायचो.

पूर्वी मला वाटायचं, वेबने लांबची माणसं जवळ येतील. आता पलीकडे माणूस असण्याचीच गरज उरली नाही, आणि हे सोपं करून दिल्याबद्दल लोक आमचा हात हातात घेऊन अभिनंदन करतात. मास्तर विकला जातोय. तो "जिथे थांबलीस तिथेच बघ" असं म्हणतो. पुढच्या महिन्यात तो एका मोठ्या गोदामातल्या कामगारांना खोकी रचायला शिकवेल, तुझ्या शब्दांत.

तू काय म्हणशील ते ऐकून घेईन.

खटपट्या

३१ मार्च

चि. खटपट्यास,

काही म्हणायचं नाही.

पत्र आलं त्या दुपारी वर्ग उघडला. एकीचा प्रश्न येऊन पडला होता. तिला काय ते लिहिलं आणि संगणक बंद करून त्यावर चादर टाकली. यंत्राला राग कळत नाही हे मलाही समजतं, पण मला मोकळं व्हायचं होतं. झाले नाही.

संगणक परत नेण्याची व्यवस्था कर. टेबलावर जागा लागते.

ताई

१८ मे

ती. ताईस,

तू माझे फोन घेत नाहीस हे ठीकच आहे. पण हे पत्र फाडण्याआधी शेवटपर्यंत वाच. तुझ्यापासून लपवून ठेवायचं, असा विचार आधी केला होता. तो आता करत नाही.

मंगळवारी दुपारी खालून निरोप आला की एक बाई वर सोडा म्हणतेय आणि कुठल्या कंपनीकडून आली ते सांगत नाही. मी खाली गेलो. पस्तिशीच्या आसपासची, सडपातळ, पायात घासलेल्या चपला, उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी. स्वागताच्या त्या मऊ खुर्चीत बसली नव्हती, शेजारी उभी होती. मी विचारलं, "आपण?"

ती म्हणाली, "मी तुमच्या गणिताच्या वर्गातली. शिवण."

मला आधी कुणीतरी थट्टा करतंय असं वाटलं. हे नाव माहीत असणारी माणसं या जगात चारच. मी तिला काचेच्या खोलीत नेलं. तिने पाणी घेतलं नाही. म्हणाली, "बाई आजारी आहेत का, एवढंच विचारायला आले. काम बुडवून आलेय, लवकर जायचंय."

ताई, ती खरी आहे. कपड्यांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर काम करते. खुल्या वर्गातून तुझा वर्ग वेगळा काढला तेव्हा मी एक चाळणी लावली होती. जुन्या शिकणाऱ्यांना बाहेर काढून नव्या, बनवलेल्या मुली आत सोडायची. त्या चाळणीतून ही एक मागे राहिली. का, ते मी नंतर शोधलं. सारखे प्रश्न विचारत होती म्हणून यंत्राने तिला 'चालू' धरलं. यादीत मी पाहिलं असतं तर दिसलं असतं. मी सगळ्या बनवलेल्या आहेत असं तुला लिहिलं तेव्हा यादी उघडलीसुद्धा नव्हती.

गायब असायची ते कारखान्यातली कामाची पाळी बदलली की. थोडं लिहायची, कारण जेवणाच्या सुटीत मैत्रिणीच्या फोनवरून लिहायची.

मग तिने तो फोन पुढे केला. तुझं शेवटचं उत्तर तिने जपून ठेवलंय. तिने लिहिलं होतं, "बाई हे तिसऱ्यांदा विचारते, राग मानू नका. छेद सारखा का करायचा." आणि खाली तू लिहिलंयस, "तू माणूस नाहीस, हे मला कळलं आहे. पुन्हा विचारू नकोस."

ती म्हणाली, "तिसऱ्यांदा विचारलं हे माझं चुकलं. पण एवढं का बोलल्या, ते कळेना. म्हटलं, बाईंना काहीतरी झालं असेल."

मी तिला सगळं सांगितलं. अर्धं तिला कळलं नाही, किंवा खरं वाटलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे बाईंना वाटलं मी मशीन आहे?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "कारखान्यातही असंच म्हणतात मला. तिथे कौतुकाने म्हणतात."

परीक्षेला बसलात का, असं विचारलं. बसली नाही. "बाईंनीच पुन्हा विचारू नको म्हटल्यावर बसून काय करू?" प्रशिक्षणाची वयाची अट तुला माहीत आहे. मी त्या संस्थेत फोन करून पाहिला, ओळख काढून पाहिली. नाही म्हणाले.

भागीदाराला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, त्यालाही वाईट वाटलं, आणि मग म्हणाला, "एकच होती ना?" मी त्याच दिवशी राजीनामा दिला. याने काही होत नाही हे मला माहीत आहे. मास्तर चालूच आहे, मी नसलो तरी चालतो. तसाच बनवलाय मी त्याला.

कारखान्याचा पत्ता मागे लिहिलाय. या वेळी नियम आडवा आला नाही.

खटपट्या

१२ जून

चि. खटपट्यास,

आशीर्वाद.

मी जाऊन आले.

तुझ्या भावोजींजवळ शेजारणीला बसवलं आणि सकाळची बस धरली. तुझ्याच शहरात होते, पण तुझ्याकडे आले नाही. येववलं नाही.

कारखान्याचं दार मागच्या गल्लीत आहे. पत्र्याचं छत, आत पंखे, आणि कापडाची धूळ इतकी की दारात उभं राहून खोकला यावा. रखवालदाराने सांगितलं, जेवणाची सुटी होईल तेव्हा बाहेर येतील, तोवर थांबा. बायका बाहेर पडायला लागल्या. मी प्रत्येकीच्या अंगठ्याकडे बघत होते. चिकटपट्टी तर जवळजवळ सगळ्यांनाच होती. शेवटी रखवालदाराला म्हटलं, "गणित शिकणारी कोण आहे हो यांच्यात?" त्याने लगेच बोट दाखवलं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, फक्त आपल्या दोघांना नव्हतं.

भिंतीच्या सावलीत पायरीवर ती डबा उघडून बसली होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "मी बाई." ती चटकन उठून उभी राहिली, मांडीवरचं झाकण खाली पडलं. मी म्हातारी दमलेय असं वाटून तिने पत्र्याचा एक मोठा रिकामा डबा आणून उलटा ठेवला, त्यावर स्वतःच्या ओढणीने धूळ झटकली आणि मला बसवलं. स्वतः उभीच. शाळा सोडून इतकी वर्षं झाली तरी बाईंपुढे बसायचं नाही, हे पक्कं.

मी माफी मागितली. नीट मागितली, गोलमाल केलं नाही. म्हटलं, "तुझ्या गोड न बोलण्याचा मला राग होता, आणि गोड बोलणारी कुणी नव्हतीच. त्याचा सगळा राग तुझ्यावर काढला." ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं, बाई. तुम्हाला तसं सांगितलं होतं ना." तिने मला एका वाक्यात सोडून दिलं. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

मग मी छेदाचं समजावलं. तिथेच. डब्यातल्या पोळीचे तुकडे करून नव्हे, तिच्याच कापडाने, दाराशी पडलेल्या एका कात्रणावर. पाव मीटर आणि तिसरा हिस्सा मीटर, दोन्ही मीटरच्या बारा सारख्या पट्ट्यांत दाखवले: तीन आणि चार, मिळून सात. तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावर कळलेलं मी पाहिलं. खुल्या वर्गात इतकी वर्षं जे कधी दिसलं नव्हतं ते दिसलं. ती म्हणाली, "एवढंच होतं?" मी म्हटलं, "एवढंच होतं."

तेव्हा मी म्हटलं, "प्रशिक्षण गेलं ते गेलं. ते मला परत आणता येत नाही. पण परीक्षा पुढच्या वर्षी आहे. मी दर आठवड्याला येईन. हवं तर इथेच, या पायरीवर." खरं सांगते, मी तिच्यासाठी जेवढं म्हणत होते तेवढंच स्वतःसाठी.

तिने डब्याचं झाकण उचललं, पुसलं, लावलं. मग म्हणाली, "नको, बाई. पूर्वी चुकलं की वाटायचं, बाई बघतील. आता चुकले की वाटतं, समोरच्याला हे नाटक वाटत असेल. मग आकडाच लिहवत नाही. कारखान्याचा हिशेबसुद्धा मैत्रिणीला करायला देते हल्ली."

मी म्हटलं, "अगं, मी समोर बसलेय. मला दिसतेस तू."

ती म्हणाली, "हो बाई. तुम्हाला दिसते. मी दिसतेय असं मलाच नाही वाटत आता."

आत घंटा झाली. बायका उठल्या. ती वाकून माझ्या पाया पडली आणि म्हणाली, बस चुकवू नका, पुढची गाडी उशिरा असते. आत गेली. यंत्रं सुरू झाली आणि त्या एकसारख्या आवाजात मी थोडा वेळ उभी राहिले. मग रखवालदार म्हणाला, "बाई, गाड्या येतात इथून, बाजूला व्हा."

तू राजीनामा दिलास त्याबद्दल काय लिहावं ते कळत नाही. चांगलं केलंस असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, आणि तुला बरं वाटावं असं मला अजून वाटत नाही. कधी वाटलं तर कळवीन. तू माझ्या जिन्यावर वाढलास, एवढं मात्र माझ्याच्याने पुसलं जात नाही.

निघताना मी तिला नाव विचारलं होतं. तिने सांगितलं. ते मी तुला लिहीत नाही.

ताई